विश्रामबाग वाड्याचे सगळे धनी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन येतो आणि त्या सुमारास पुण्यातील जुन्या वास्तूंविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते. या लेखनात विश्रामबाग वाड्याचा उल्लेख हमखास असतो, पण तो बहुधा दोन वाक्यांत आटोपतो : वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला आणि त्याच्या दर्शनी भागाचे लाकडी कोरीव काम पाहण्यासारखे आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. तरीही पेशव्यांचा सहवास या वाड्याला जेमतेम दहा-अकरा वर्षे लाभला आणि त्यानंतरची दोनशेहून अधिक वर्षे तो इतरांच्या ताब्यात राहिला, हे लक्षात घेतले तर वाड्याची बहुतेक सगळी हकिकत आपण सांगायचीच ठेवतो, असे म्हणावे लागते. पहिल्या धन्यापाशी थांबण्याची ही सवय या वास्तूवर आणि पुण्याच्या इतिहासावर अन्याय करणारी आहे, असे मला मनापासून वाटते. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आपण जागा द्याल अशी आशा आहे.

प्रारंभ अर्थातच बाजीरावापासून करायला हवा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला, बाजीराव पुणे सोडून निघाला आणि वर्षअखेरीस वसई येथे इंग्रजांशी तह करून १८०३ च्या मे महिन्यात त्यांच्याच फौजेच्या संरक्षणात परतला. शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झालेला होता आणि सवाई माधवरावांचा अंतही तिथेच झालेला होता. त्या वास्तूत राहण्यात बाजीरावाचे मन रमले नाही आणि त्याने शुक्रवारात, बुधवारात आणि सदाशिव पेठेच्या बाजूला नवे वाडे उभे केले. यांतला विश्रामबाग एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधला गेला आणि त्यावर सुमारे दोन लाख रुपये खर्च झाला. वाडा होण्यापूर्वी त्या जागी सरदार हरिपंत फडके यांची बाग होती, असे जुन्या पुण्याच्या वर्णनांत सांगितले जाते. म्हणजे आपण ज्याला पहिला धनी म्हणतो, त्याच्याही आधी त्या जमिनीला एक धनी होता.

आज बाजीराव रस्त्यावरून जाताना घटकाभर समोरच्या पदपथावर उभे राहून वाड्याची दर्शनी बाजू नीट पाहावी, असे मी प्रत्येकाला सांगेन. प्रवेशद्वारावर पुढे आलेला लाकडी सज्जा, त्याला आधार देणाऱ्या कोरीव घोड्या, आणि सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे सागवानी खांब ही पेशवाईतल्या सुतारकामाची ऐन भरातली कामगिरी आहे. महिरपींच्या मधोमध खाली झुकलेले केळफूल पाहिले, की त्याची एकेक पाकळी सुटी करताना पटाशी किती हलक्या हाताने चालवावी लागली असेल, याचा अंदाज येतो. हे काम करणाऱ्या सुतारांची नावे आपल्या ओठांवर नाहीत. ज्याने पैसे दिले त्याचे नाव वाड्याला कायमचे चिकटले आणि ज्यांनी तो घडवला ते मागे राहिले, याची खंत वाटते.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाला. सालिना आठ लाख रुपये तनखा घेऊन तो कानपूरजवळच्या बिठूरला गेला आणि १८५१ मध्ये तिथेच वारला. त्याने पुन्हा पुणे पाहिले नाही. पेशव्यांचे वाडे सरकारजमा झाले आणि विश्रामबागेचा दुसरा धनी ईस्ट इंडिया कंपनी झाली.

इथून पुढची हकिकत मला सर्वांत मोलाची वाटते. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी चालवली आणि ती वाढत वाढत लाखांच्या घरात गेली. राज्य गेले तरी ही प्रथा एकदम मोडू नये, तसे केल्यास पुण्यातला शास्त्रीवर्ग दुखावेल, हे मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जाणून होता. म्हणून दक्षिणेच्या रकमेचा काही भाग विद्येकडे वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. इंग्रजी कागदांत तिला हिंदू कॉलेज म्हटलेले आहे. ज्या दिवाणखान्यात काही वर्षांपूर्वी पेशव्यांचा दरबारी थाट होता, त्याच वाड्यात न्याय, व्याकरण, अलंकार, ज्योतिष आणि धर्मशास्त्र यांचे पाठ सुरू झाले. पुढच्या काळात मराठी गद्याचे मोठे नाव झालेले कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले. कँडी साहेबांसारखा मराठीचा जाणकार इंग्रज या पाठशाळेच्या देखरेखीवर नेमला गेला. त्याचे नाव आपल्याला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशामुळे ठाऊक आहे. पण त्याचे कामाचे ठिकाण कोणते होते, हे आपण सहसा सांगत नाही.

पाठशाळा सुरुवातीला ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती, हे इथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे, कारण सुमारे तीस वर्षांनी याच वाड्यात जे घडले त्याचे महत्त्व त्याशिवाय कळत नाही. १८४९ च्या सुमारास गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी आणि त्यांचे सहकारी यांनी, दक्षिणेच्या पैशातला काही भाग चांगले मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा, जातीवर नव्हे तर कामावर तो दिला जावा, असा अर्ज सरकारकडे करण्याचे ठरवले. त्यावरून शहरात मोठा क्षोभ झाला आणि अर्जदारांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन आले. पुढे त्या निधीतून ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. आणि १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या कामाबद्दल, जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे शालजोडी देऊन सत्कार झाला, तो मेजर कँडी यांच्या हस्ते आणि याच विश्रामबाग वाड्यात.

ही एक तारीख डोळ्यांसमोर ठेवून वाड्याकडे पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जिथे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांखेरीज इतरांना विद्येचा अधिकार नाही असे मानणाऱ्या राजवटीचा धनी राहत होता, तिथेच एका माळी समाजातील तरुणाचा, शूद्रातिशूद्रांच्या आणि स्त्रियांच्या शाळा काढल्याबद्दल, भर सभेत सन्मान झाला, आणि या दोन घटनांमध्ये पन्नास वर्षांचेही अंतर नाही. भिडे वाड्याविषयी आपण गेली काही वर्षे पोटतिडकीने बोललो आणि ते योग्यच झाले, कारण १८४८ ची मुलींची शाळा तिथे भरली होती. पण तिथून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, त्याच कामाची पावती जिथे मिळाली, ती वास्तू आपण केवळ पेशव्यांच्या नावाने ओळखतो. फुलेप्रेमींनीही या वाड्याकडे फारसे वळून पाहिलेले नाही, हे मला सखेद नमूद करावे लागते.

१८५१ मध्ये पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणिती तिथे शिकवत. इंग्रज कवी एडविन अर्नोल्ड १८५७ नंतरची काही वर्षे तिथे प्राचार्य होता. पुढे या कॉलेजला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याला त्याची दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिकडे गेले. डेक्कन कॉलेजचा इतिहास सांगताना येरवड्याच्या आवारापासून सुरुवात करण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक त्याची पहिली सत्तेचाळीस वर्षे या वाड्याच्या चौकांत आणि माड्यांत गेली. कॉलेज गेल्यावरही वाडा शिक्षणाच्याच कामी राहिला आणि सरकारी हायस्कूल तिथे भरत असे.

मे १८७९ मध्ये एका रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग या दोघांनाही आग लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार आधीच धास्तावलेले असल्यामुळे त्या आगीने मोठी खळबळ उडाली. बुधवार वाडा पूर्ण जळाला आणि त्याबरोबर तिथला ग्रंथसंग्रहही गेला. विश्रामबागेचा मात्र काही भागच जळाला आणि पुढे त्याची डागडुजी झाली. दर्शनी बाजू वाचली हे आपले सर्वांचे भाग्य म्हणायचे. आज वाड्यात जुन्या लाकडाला नवे लाकूड जिथे जोडलेले दिसते, तिथे या आगीची आणि नंतरच्या दुरुस्त्यांची हकिकत वाचायला मिळते. ती वाचून दाखवणारे मात्र कोणी हवे.

१९३० च्या सुमारास पुणे नगरपालिकेचे कार्यालय वाड्यात आले आणि सुमारे तीन दशके शहराचा कारभार तिथून चालला. १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली ती याच मुक्कामात. घरपट्टी भरायला, जन्ममृत्यूचे दाखले काढायला, नळाची तक्रार करायला त्या पिढीचे पुणेकर विश्रामबागेच्या पायऱ्या चढत असत. १९३८ मध्ये प्रल्हाद केशव अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले, तेव्हाही नगरपालिकेचा कारभार याच वाड्यातून चालत होता. स्वतः नगरपालिकेचे सदस्य असताना त्या मंडईवर होणाऱ्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला होता. त्यांचे नाव त्याच मंडईला देण्यात आले, आणि ज्या वाड्यात १८५२ मध्ये त्यांना शालजोडी मिळाली होती, त्या वाड्यात बसणाऱ्या नगरपालिकेच्या काळात देण्यात आले. पुण्याच्या सामाजिक इतिहासातले हे दोन टप्पे एका वास्तूशी जोडलेले असताना आपण ते एकत्र सांगत नाही, याचे मला नवल वाटते.

पुढे महापालिका शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत गेली. वाड्यात काही कार्यालये, तळमजल्यावर टपाल कचेरी आणि नंतर शहराच्या वाटचालीविषयीचे प्रदर्शन असे उपयोग होत राहिले.

एवढे सगळे लिहिण्याचे कारण असे की, हा वाडा आज उभा आहे तो त्याच्या नंतरच्या धन्यांमुळे उभा आहे. बाजीरावाने बांधलेला शुक्रवार वाडा राहिला नाही. बुधवार वाडा १८७९ मध्ये गेला. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि त्याची आता तटबंदी, दरवाजे आणि जोती तेवढी दिसतात. बिठूरचा पेशव्यांचा वाडा १८५७ च्या युद्धात इंग्रजांनी पाडला. लाकडाची इमारत वापरात नसेल, तर पावसाळ्यात कौलांतून गळते, तुळयांना वाळवी लागते आणि काही वर्षांत माडी खाली येते. ती वापरात असेल तर कोणीतरी कौले चाळतो, कोणीतरी तेलपाणी करतो, कोणीतरी गळती बंद करतो. शास्त्रीबोवांनी, प्राध्यापकांनी, शाळामास्तरांनी, नगरपालिकेच्या कारकुनांनी आणि टपालवाल्यांनी दोन शतके ही राखण केली. त्यांना या वाड्याच्या इतिहासात भाडेकरूंचे दुय्यम स्थान देणे मला पटत नाही.

हा प्रश्न केवळ स्मरणापुरता नाही, दुरुस्तीच्या कामाशीही त्याचा थेट संबंध आहे. जुन्या वास्तूचे जतन करताना तिला मूळ रूप द्यावे, असे आपण सहज बोलतो. पण विश्रामबागेचे मूळ रूप म्हणजे कोणत्या वर्षीचे? १८१० सालचे धरले तर कॉलेजच्या काळात केलेले बदल, आगीनंतरची डागडुजी आणि नगरपालिकेने सभेसाठी व कचेऱ्यांसाठी केलेली रचना हे सारे काढून टाकावे लागेल, आणि त्या जागी जे उभे राहील ते आजच्या कारागिरांचे, पेशवाई कशी असावी याविषयीच्या आजच्या कल्पनेतून आलेले काम असेल. जे तुळईला धोका करते ते काढलेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु ज्याने वास्तूला इजा होत नाही आणि ज्यावरून तिथे कोण राहत होते हे कळते, ते खरवडून टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि मुलांना वाडे दाखवायला नेत असे. मुलांना पेशव्यांच्या दिवाणखान्याइतकेच कुतूहल फळ्याच्या खुणेचे आणि जुन्या कचेरीच्या खिडकीचे असते, हे मी पाहिले आहे, आणि इथे वर्ग कुठे भरत असे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

विश्रामबागेचे धनी सरकारी असल्यामुळे त्याची थोडीफार नोंद तरी राहिली. पेठांतल्या खासगी वाड्यांचे तसे नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे त्यांच्या वाड्याच्या खरेदीखताचा मोडी कागद होता. त्यात चतुःसीमा दिल्या होत्या, आडावर शेजाऱ्याचा हक्क कोणत्या वेळी आहे ते लिहिले होते, पागोळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडणार हे ठरवून दिले होते आणि त्याखाली साक्षीदारांच्या निशाण्या होत्या. वाडा एका सावकाराकडून एका वैद्याकडे, वैद्याच्या मुलांकडून वाटणीने दोघा भावांकडे, त्यांच्यापैकी एकाकडून गहाणात आणि मग या कुटुंबाकडे कसा आला, हे त्या कागदांच्या चळतीवरून उलगडत असे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना, बिऱ्हाडकरूंना सोडवेना, आणि अखेर वाडा विकसकाकडे गेला. यात कोणा एकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्या जागेत राहणाऱ्या माणसांना नीट घर मिळाले, हेही तितकेच खरे आहे. पण मालकी हक्क तपासण्यासाठी वकिलाकडे गेलेली ती चळत परत आली नाही. वाड्यासोबत दीडशे वर्षांची माणसेही पुसली गेली.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत आणि त्या आपल्या पत्राद्वारे संबंधितांपर्यंत पोहोचाव्यात, अशी इच्छा आहे. विश्रामबाग वाड्यात सर्व धन्यांची कालक्रमाने माहिती देणारे मराठी फलक लावावेत. त्यांत पाठशाळा, पूना कॉलेज, हायस्कूल आणि नगरपालिका यांना पेशव्यांइतकीच जागा असावी आणि १६ नोव्हेंबर १८५२ च्या सत्काराचा स्वतंत्र फलक दर्शनी भागातच असावा, कोपऱ्यातल्या खोलीत नव्हे. दुसरे असे की, वाड्याच्या पुढील प्रत्येक दुरुस्तीपूर्वी कोणत्या काळातला कोणता भाग काढला जाणार आहे, याची यादी छायाचित्रांसह नागरिकांपुढे ठेवावी.

तिसरी मागणी खासगी वाड्यांविषयी आहे आणि तिला सर्वांत कमी खर्च येईल. जुना वाडा पाडण्याची परवानगी देताना त्याचे मोजमापासह नकाशे, छायाचित्रे आणि उपलब्ध खरेदीखते, वाटणीपत्रे व गहाणखते यांच्या प्रती जमा करणे बंधनकारक करावे. मूळ कागद मालकाकडेच राहतील, त्याच्या हक्काला कसलाही बाध येणार नाही आणि परवानगीलाही त्यामुळे उशीर होण्याचे कारण नाही. या प्रती कोठे ठेवायच्या, हा प्रश्न पुण्याला तरी पडू नये. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांभाळणारे पुरालेखागार या शहरात आहे आणि १९१० पासून कागद जमवणारे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मोडी वाचणारी तरुण मुलेही आता वर्गांतून तयार होत आहेत. त्यांना सरावासाठी लढायांच्या पत्रांबरोबर आपापल्या पेठेतली खरेदीखते मिळाली, तर ती आनंदाने वाचतील. तोवर ज्यांच्या माळ्यावर किंवा ट्रंकेत असे कागद पडून असतील, त्यांनी ते विकसकाच्या किंवा वकिलाच्या हाती देण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे तरी काढून ठेवावीत, अशी आपल्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
सदाशिव पेठ, पुणे